आवाज न वाढवता

हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की आत लाकडाची एक बारीक कांब वर उचलली जाते आणि तिच्यात बसवलेली पिसाच्या देठाची नखी तार छेडते. बोट हलकं पडो की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. आपल्या पेटीला निदान भाता असतो, त्याने सूर फुगवता येतो, ओसरवता येतो. इथे तीही सोय नाही. पियानोपुढे हे वाद्य मागे पडलं, त्याचं एक मोठं कारण हेच. नेदरलँड्सच्या गुस्ताफ लेओनहार्ट (१९२८–२०१२) यांनी या उणिवेतच आपली वाट शोधली.

आवाज कमीजास्त करता येत नसेल तर वादकाच्या हाती उरतो तो वेळ. एखादा सूर केसभर उशिरा आला, त्याच्याआधी श्वासाएवढी शांतता राहिली, की तो कानाला वजनदार वाटतो. आधीच्या पट्टीवरचं बोट उचलायच्या आत पुढची दाबली, तर दोन सूर एकमेकांत मिसळून गुंजतात. लेओनहार्ट ऐकताना आवाज वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात वाढलेला नसतो. ही किमया मला अजूनही थक्क करते.

बाझलला शिकून त्यांनी १९५० साली व्हिएन्नात पहिली जाहीर मैफल केली, ती अठराव्या शतकातले जर्मन संगीतकार बाख यांच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’ची. या रचनेत एकाच वेळी चालणारी प्रत्येक सुरावट वेगळ्या ओळीत लिहिलेली आहे आणि वाद्याचं नाव कुठेच नाही. त्यामुळे ती वाजवण्यापेक्षा अभ्यासण्यासाठीच आहे, असं अनेकांना वाटे. लेओनहार्टनी १९५२च्या पुस्तकात मांडलं, की ही रचना हार्पसिकॉर्डचीच आहे: ती दोन हातांत बसते आणि कीबोर्डचं असं संगीत सुट्या ओळींत छापण्याची बाखच्या काळी रीतच होती. पुस्तकात सापडलेलं बोटांनी पडताळायचं आणि बोटांना अडलेलं पुन्हा पुस्तकात शोधायचं, हा त्यांचा रियाज होता असं मला वाटतं.

या रियाजाला वाद्यही जुन्या घडणीचं हवं होतं. लेओनहार्टच्या तरुणपणीचे कारखानदार पियानोच्या वळणाची जड हार्पसिकॉर्ड बनवत. ब्रेमेनच्या मार्टिन स्कोव्रोनेक यांनी अठराव्या शतकातल्या डुल्केन या कारागिराच्या वाद्यावरून बेतलेलं वाद्य लेओनहार्टना १९६२ साली बनवून दिलं.

१९७१ ते १९९० या काळात लेओनहार्ट आणि ऑस्ट्रियाचे वाद्यवृंद-संचालक निकोलाउस हार्नोनकूर यांनी बाखचे सुमारे दोनशे धार्मिक कँटाटा (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचना) वाटून घेऊन ध्वनिमुद्रित केले. वाद्यं जुन्या घडणीची. आणि वरच्या सुरांत गायला, बाखच्या चर्चमध्ये होती तशी, बहुतेक ठिकाणी मुलगेच. कुठे एखाद्या मुलाचा आवाज कापतो, श्वास अपुरा पडतो. अशा जागा अनेकांना खटकतात. मला त्या हव्याशा वाटतात, कारण बाखने लिहिलं ते अशाच गळ्यांसाठी. बाखच्या श्रोत्यांचे कान मात्र परत आणता येत नाहीत, आणि अस्सलपणाचा दावा करणाऱ्यांनी हे विसरू नये. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका-संचांबरोबर पूर्ण स्वरलिपी दिलेली असे. ऐकणाऱ्याने डोळ्यांनीही सोबत यावं यासाठी.

दिग्दर्शक स्त्राउब आणि ह्युले यांच्या १९६८च्या चित्रपटात लेओनहार्ट स्वतः बाख झाले. विग घालून, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष वाजवत. लांबच लांब दृश्यं, कथानक जेमतेम, अभिनय जवळजवळ नाहीच. पडद्यावर एक माणूस काम करताना दिसतो.

टोन कोपमन, ख्रिस्तोफर हॉगवूड हे त्यांचे शिष्य पुढे स्वतःचे वाद्यवृंद घेऊन जगभर गेले. गुरू डिसेंबर २०११मध्ये पॅरिसच्या एका जुन्या नाट्यगृहात शेवटचं वाजवून थांबले. पुढच्याच महिन्यात, १६ जानेवारीला, ॲमस्टरडॅममध्ये ते गेले.