भावाखालची चौकट

आर्णीच्या एका पोराची वेबसाइट होती. रोज संध्याकाळी तो बाजार समितीतून कापसाचे, तुरीचे भाव आणायचा आणि सातच्या आत टाकायचा. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की माल परत, हेही तो समजावून लिहायचा. भाव वाचायला फुकट, कमाई जाहिरातींची. गूगलच्या ॲडसेन्स खात्यात शंभर डॉलर भरले की महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे बँकेत यायचे. बहिणीची नर्सिंगची फी त्यातूनच निघे.

एका संध्याकाळी शेजारची काकू आली. फोन पदराखाली धरलेला. वेचणीच्या मजुरीसाठी तिनं एका ॲपवर दहा हजार मागितले होते. हातात पडले साडेसहा. आठव्या दिवशी वसुलीवाल्यांनी फोनमधल्या सगळ्या नंबरांवर तिचा फोटो पाठवला, 'चोर' लिहून. जावयालाही.

कर्जाच्या ॲपनं फोनमधले नंबर वाचूच नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. पोरानं तिला शेजारी बसवून सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरावर तक्रार नोंदवली. मग विचारलं, "काकू, हे ॲप भेटलं कुठं?"

"तुह्याच पानावर होतं ना बाबू. कापसाच्या भावाखाली. म्हून त भरोसा ठेवला."

रात्री त्यानं सेटिंग उघडलं. जुगाराच्या जाहिराती त्यानं केव्हाच बंद केल्या होत्या. तिथं विचार करावा लागला नव्हता. कर्जाच्या जाहिरातींवर मात्र निम्मी कमाई होती. आधी त्यानं त्या ॲपच्या जाहिरातीचे तीन वेब-पत्ते अडवले. दुसऱ्या दिवशी तीच हिरवी चौकट चौथ्या नावानं हजर. अख्खा कर्जाचा गटच बंद करावा, तर सरळ बँकांच्याही जाहिराती जाणार, बोली लावणारे कमी होणार आणि उरलेल्यांचाही दर पडणार. गणित खरंच अवघड होतं. बहिणीची फी ही काही चैन नव्हती.

पण हा जिल्हा कोणता? यवतमाळ. चिलगव्हाणच्या ज्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यानं, साहेबराव करपे यांनी, १९ मार्च १९८६ ला बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं, त्यांचा. इथं 'पाच मिनिटांत कर्ज' ही चौकट कापसाच्या भावाला चिकटून कशी ठेवायची?

बाप बाजार समितीत मापाडी. जेवताना त्यानं सगळं ऐकलं आणि भाकरी तशीच हातात ठेवून म्हणाला, "माह्या काट्यापाशी उभं राहून कोनी लोकायले लुबाडते, त काटा बरोबर होता म्हून मी हात झटकू काय?"

पोरानं गट बंद केला.

डिसेंबरात ६३ डॉलरच जमले. शंभर भरले नाहीत म्हणून बँकेत काहीच आलं नाही. त्यानं कॉलेजात जाऊन फीचे दोन हप्ते मागून घेतले.

काकूनं महिनाभर त्याचं पान उघडलं नव्हतं. जानेवारीत ती आली आणि दारातूनच फोन पुढं केला. "पाय बरं बाबू, आता इथं बोट लावलं त चालते ना?"

भावाखाली ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात होती.