उवा, झरे आणि थर्मामीटर

ज्यू धर्मशास्त्रानुसार शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, जीव मारणं वर्ज्य आहे. उवा मात्र मारलेल्या चालतात. का? तालमूदमधल्या चर्चेनुसार उवांची वीणच होत नाही. पुढे 1668 मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेदीने झाकलेल्या भांड्यातल्या मांसात अळ्या होत नाहीत हे दाखवलं. अठराव्या शतकात फेराराचे आयझॅक लाम्प्रोंती (राबाय होते आणि वैद्यही) म्हणाले, कारणच खोटं ठरलं तर सवलत कशी टिकेल? त्यांच्या गुरूंनी हे मानलं नाही. परंपरेचे निर्णय संशोधनामागे धावत नसतात, हे त्यांचं उत्तर.

न्यूयॉर्कच्या ऑर्थोडॉक्स हायस्कूलमध्ये सकाळी तालमूद आणि दुपारी जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीला हा वाद सांगावा का? बरेच शिक्षक टाळतात. ‘सकाळचं सकाळी, दुपारचं दुपारी, परीक्षेत पुस्तकातलं लिहा.’ मला हे अप्रामाणिक वाटतं, कारण तास बदलला की सत्य बदलतं, असंच मूल त्यातून शिकतं. उत्पत्तीचे सहा दिवस म्हणजे सहा युगं, अशी जुळवाजुळव त्याहून घातक. तिथे निष्कर्ष आधी ठरतो आणि पुरावे मागून गोळा होतात.

तालमूदमध्येच एक बरा धडा आहे. सूर्य रात्री कुठे जातो? ज्यू पंडित म्हणत, आकाशाच्या वरून. परके पंडित म्हणत, जमिनीखालून. राबाय यहूदा हानासी परक्यांचं मत सरस ठरवतात, कारण झऱ्यांचं पाणी दिवसा गार आणि रात्री ऊन असतं. स्वतःच्या लोकांविरुद्ध असा कौल द्यायला धैर्य लागतं. पण पुरावा चुकीचाच आहे! खोल झऱ्याच्या पाण्याचं तापमान जवळपास तेच राहतं. रात्री हवा गार होते म्हणून ते ऊन भासतं. पंधरा वर्षांच्या मुलांना हे थर्मामीटरने तपासता येईल. कौतुक आणि चूक दोन्ही सांगणारा तास मला हवा आहे.

‘हे कुठून आलं?’ हा प्रश्न तालमूद पदोपदी विचारतो, आणि ज्यू शाळांना या सवयीचा रास्त अभिमान असतो. पण तिथे उत्तरादाखल बहुधा पवित्र वचन येतं, प्रयोगशाळेत मोजमाप. हा फरक झाकून ‘आपली मुलं जात्याच चिकित्सक’ म्हणत राहणं ही नुसती खुशामत.

त्याची किंमत पडते. 2018-19 मध्ये न्यूयॉर्क शहरात गोवराचे 649 रुग्ण आढळले, बहुतेक ब्रुकलिनच्या ऑर्थोडॉक्स वस्त्यांमधले. बहुसंख्य राबाय लस घ्या असंच सांगत होते. तरीही लशीने ऑटिझम होतो, अशी पत्रकं फिरत होती. लसीकरणाला विरोध धर्मग्रंथांतून आला नव्हता. पुरावा म्हणून पुढे केलेली गोष्ट पुरावा आहे की नाही, हे ओळखता न येण्यातून तो पसरला.

पालकांची बाजू खोटी नाही. मूल श्रद्धेत राहावं म्हणून ते भरमसाट फी भरतात. श्रद्धा मोडणं विज्ञानशिक्षकाचं काम नाही. पण ती राखणंही नाही. वर्गात कुणी विचारलंच, तर विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं आहे आणि ते कसं मोजतात हे त्याने सांगावं. ज्यू पंचांगाच्या 5700 हून थोड्या अधिक वर्षांशी त्याचं काय करायचं, ते त्या मुलीवर सोडावं. शुक्रवारी रात्रीच्या जेवणात विषय निघणार आणि सोमवारी वडील शाळेत येणार, हे गृहीत धरायला हवं. त्यांनाही झऱ्याची गोष्ट सांगता येईल.