गुन्ह्याआधीची शिक्षा

(धायरी. धारेश्वराच्या पायऱ्यांवर संध्याकाळी. आबा निवृत्त वकील, नात जीवशास्त्र शिकते. धाकट्या नातवाला लहानपणापासून इन्सुलिन टोचावं लागतं.)

आबा: पोराच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच्याच टी पेशींनी मारल्या म्हणतेस. त्यांना घरचं-परकं कळत नाही?

नात: ते छातीच्या हाडामागे, थायमसमध्ये ठरतं. तिथल्या काही पेशींत 'एअर' नावाचं जनुक चालू असतं, 1997 साली सापडलेलं. त्याच्यामुळे त्या पेशी यकृताची, डोळ्याची, स्वादुपिंडाची हजारो जनुकं चालू करतात. थोडं इन्सुलिनसुद्धा तिथे बनतं. हे नमुने कोवळ्या टी पेशींपुढे धरले जातात. जी घट्ट चिकटते, ती बहुधा तिथेच मरते.

आबा: तिनं अजून कुणाला हातही लावलेला नाही! शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण एक निरपराध अडकता कामा नये, हे शिकण्यात माझी उमर गेली.

नात: इथे बरोब्बर उलटं आहे. ते जनुक बिघडलेल्यांच्या पॅराथायरॉइड, अ‍ॅड्रिनल अशा ग्रंथी त्यांच्याच टी पेशी खातात. फिनलंड, सार्डिनियात असे रुग्ण त्यातल्या त्यात जास्त.

आबा: आपल्या पोराचंही बिघडलंय?

नात: नाही, मधुमेही मुलांत ते सहसा धड असतं. तिथे बरीच जनुकं मिळून धोका ठरतो. इन्सुलिनच्या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांच्या थायमसमध्ये इन्सुलिन जास्त बनतं, आणि त्यांना हा आजार कमी होतो. असे धोके एकत्र मोजायचं युरोपात बेतलेलं माप पुण्याच्या केईएममधल्या रुग्णांवर लावून पाहिलं, 2020मध्ये ते छापून आलं. आपल्याकडेही ते बऱ्यापैकी चाललं.

आबा: मग थायमसमधली परीक्षा आणखी कडक करा की!

नात: आणि कर्करोगाला कोण मारणार? ती पेशीही आपलीच, जराशी बदललेली. 'एअर' नसलेल्या उंदरांनी मेलानोमा जास्त चांगला रोखला होता.

आबा: म्हणजे थोडे संशयित मुद्दाम सोडायचे.

नात: सुटलेल्यांना आवरायला नियामक टी पेशी असतात. त्यांच्या शोधाला 2025चं नोबेल मिळालं, साकागुचींसह तिघांना.

आबा: उद्या मला कर्करोग झाला, तर ते जनुक चार दिवस बंद ठेवशील?

नात: तुमच्या थायमसची आता बरीचशी चरबी झालीय, आबा. फायदा झालाच तर लहान मुलाला. पण त्या चार दिवसांत सुटलेली पेशी पुढे कित्येक वर्षं त्याच्या अंगात फिरू शकते.

आबा: मग त्याची संमती कोण देणार? आईबाप?

नात: कायद्याचं तुम्ही सांगा.