वाळवंटातील परक्याचे पाणी

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेवर ‘बिग बेंड’ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९४४ साली स्थापन झालेले, आठ लाख एकरांहून मोठे आणि बहुतांश वाळवंट. तेथील चिसोस डोंगरांना वळसा घालणारी पायवाट सुमारे ४८ किलोमीटरची आहे. माणशी दररोज पावणेचार लिटर पाणी जवळ असावे आणि झऱ्यांवर विसंबू नये, असे उद्यानाचे सांगणे असते. इतके ओझे पाठीवर वाहणे कठीण. म्हणून पदयात्री आधी मोटारीने जाऊन वाटेवरील लोखंडी पेटीत आपले पाणी ठेवून येतात. बाटलीवर नाव आणि तारीख लिहिलेली असते. पेटीला कुलूप नसते.

तिकडे नोकरी करणाऱ्या, मूळच्या रत्नागिरीच्या एका तरुणाने मला फोन केला. तो दोन मित्रांसह या वाटेवर तंबू घेऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी संपले; एका मित्राला भोवळ आली. पेटीपर्यंत पोहोचल्यावर त्यांनी परक्याच्या दोन बाटल्या घेतल्या, क्षमायाचनेची चिठ्ठी आणि पाच डॉलर ठेवले. “मौलाना, हिशेब फिटला ना?” असा त्याचा प्रश्न होता.

उत्तर देणे वाटले तितके सोपे नव्हते. भुकेने अगतिक झालेल्याला, तो बंडखोर वा मर्यादा ओलांडणारा नसेल तर, दिव्य कुरआनने निषिद्ध अन्नाचीही सवलत दिली आहे (अल-बकरा १७३). वाळवंटात जादा पाणी असूनही वाटसरूला नाकारणाऱ्याकडे अल्लाह कियामतच्या दिवशी पाहणार नाही, अशी हदीस सहीह बुखारीत आहे. मग घेणाऱ्याची चूक कोणती?

परंतु ती हदीस पाणी असणाऱ्यासाठी आहे. ती घेणाऱ्याच्या हाती दिलेली किल्ली नव्हे. शिवाय पेटीतील पाणी जादा नव्हतेच. त्याचा मालक दिवसभर उन्हात चालून त्याच बाटलीच्या भरवशावर तेथे येणार होता. अगतिकतेमुळे पाप टळते, दुसऱ्याचा हक्क बुडत नाही, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. आणि सवलत जीव वाचण्यापुरतीच असते. मी विचारले, “भोवळ आलेल्याला किती पाणी लागले?” तो म्हणाला, “एक बाटली.” दुसरी ‘असू दे’ म्हणून घेतली होती. खरा प्रश्न त्या दुसऱ्या बाटलीचा आहे.

आता पाच डॉलरांविषयी. आपल्या कोकणात चालणाऱ्या शाफिई फिकहच्या ग्रंथांत नेमके हेच उदाहरण येते, याचे मला पुन्हा एकदा नवल वाटले: वाळवंटात कोणाचे पाणी संपवले आणि पुढे तो नदीकाठी भेटला, तर तेथे पाण्याला पाणी देऊन सुटका नाही, वाळवंटात त्या पाण्याचे जे मोल होते ते द्यावे लागते. पाच डॉलर ही दुकानातली किंमत झाली. तहानलेल्या माणसाला नोट पिता येत नाही.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी एका मेंढपाळाची परीक्षा घेतल्याचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. मालकाला लांडग्याने मेंढी खाल्ली म्हणून सांग, असे त्यांनी सुचवताच मेंढपाळाने, मग अल्लाह कुठे आहे, असे विचारले. आपण ही गोष्ट मुलांना चोरीविषयी सांगतो. मला ती आता कुलूप नसलेल्या पेटीविषयीही वाटते. तेथे शेकडो अनोळखी माणसांचा जीव केवळ एकमेकांच्या सचोटीवर टांगलेला असतो, आणि त्यांतील बहुतेकांनी ‘अमानत’ हा शब्द कधी ऐकलेलाही नसतो.

चिठ्ठीवर फोन क्रमांक लिहिला होता का, असे मी विचारले. लिहिला नव्हता. बाटलीवरचे नाव मात्र त्याला आठवत होते. उद्यानाच्या कार्यालयाला सर्व काही कळवून त्या माणसाचा शोध घ्यावा, भरपाई द्यावी, माफी मागावी. तो सापडलाच नाही तर त्याच्या वतीने सदका करावा, असे मी सांगितले. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तो माणूस त्या रात्री सुखरूप पोहोचला असेल ना, हेही त्यांना विचारतो.”