घाटातली सर

सज्जनहो, आषाढीची वारी आणि पाऊस यांची गाठ नवी नाही. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. मृगाच्या नाहीतर आर्द्राच्या सरी वाटेत भेटावयाच्याच. पुण्याहून सासवडची मजल ३० किलोमीटरांहून अधिक. बहुधा एकादशीचा उपवास, आणि तशातच दिवे घाट चढावयाचा. माउलींच्या रथाला तिथे जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. त्यात सर आली की वाट निसरडी, लुगडे पायाला चिकटलेले, आणि डोईवर तुळस.

कोणी शंका घेतो, "महाराज, चैत्री आहे, कार्तिकी आहे, माघी आहे. मग थोरली वारी नेमकी चिखलात का?" एक उत्तर असे की, आषाढ शुद्ध एकादशी ही शयनी. देव चार महिने निद्रा करणार, त्याआधी भेट घ्यावयाची.

दुसरे उत्तर बांधावरचे आहे. आपण पुष्कळसे शेतकरी. पेरा उरकून, नाहीतर पोराच्या हवाली करून निघतो. घरी असताना देवापाशी काय मागत होतो? पाऊस! तोच घाटात अंगावर आला की म्हणतो, "थांब रे बाबा." शेताला ओल पाहिजे आणि अंगाला कोरडे पाहिजे, हे एकाच तोंडाने कसे मागावे? आणि वाट पुढे कुठे जाते तेही पाहा. जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस. हा पर्जन्यछायेचा मुलूख. ढग सह्याद्रीवर रिते होतात, इकडे येईतो थोडेच उरतात. आपल्याला भिजविणाऱ्या सरीकडे ती गावे डोळे लावून बसलेली असतात. ज्यांची भाकरी आपण पंगतीला खातो, त्यांच्याकरिता तरी पावसाला नको म्हणू नये.

मग भिजून आजारी पडावे काय? मुळीच नाही. प्लास्टिकचा कागद अंगावर घ्या, कोरडे धोतर वळकटीत जपा. पखवाज आधी झाका. ओल लागली की कातडे ढिले पडते आणि बोल उठत नाही. देह हे साधन आहे, त्याचे हाल करण्यात पुण्य नाही.

खरी कसोटी निराळीच. सर वाढली की कोणी दिंडी सोडून पुढे पळतो. सासवडला कोरडी जागा धरावयाची असते ना! मागे वळणावर एखादी म्हातारी गुडघा धरून बसलेली असते. हैबतबाबांनी सोहळ्याला शिस्त घालून दिली. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे, जिची तिची जागा ठरलेली. ती काय देखाव्यासाठी? टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडले म्हणजे तरणा आवरला जातो आणि थकलेला ओढला जातो. कोरड्या जागेपायी माणूस मागे टाकला, तर आपण सासवडला पोचलो खरे, पण वारी घाटातच राहिली. आपण एकमेकांच्या पाया पडतो, एकमेकांना माउली म्हणतो. मग ती म्हातारी कोण? रथाला हात लावावयास हजार जण धावतात. हिला उठवावयास एक हात पुरे आहे.

तेव्हा बाबांनो, सर आली तर नाम तोंडी असू द्या आणि शेजारच्याचा हात हाती धरा. मुक्कामाला जागा ओली मिळेल, मिळू द्या. रामकृष्णहरि.