देहाचा प्रतिसाद आणि मनाची संमती

पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला, तर त्याने प्रतिकार का केला नाही, हा पहिला प्रश्न असतो. देहाने प्रतिसाद दिला असेल, तर त्यालाच संमती समजले जाते. वास्तविक, भीतीने शरीर गोठू शकते, आणि ताठरता किंवा वीर्यपात इच्छेविनाही घडू शकतो. गुदगुल्यांनी हसू फुटले म्हणून त्या हव्याच होत्या असे ठरत नाही.

कॅथलिक परंपरेत या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे. इ.स. ४१० मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा अत्याचार सोसलेल्या स्त्रियांविषयी संत ऑगस्टीनने ‘ईश्वरनगरी’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात लिहिले: शुचिता हा मनाचा गुण आहे, इच्छा शरण गेली नसेल, तर दुसऱ्याच्या वासनेने ती डागाळत नाही. पाप इच्छेत असते, त्यामुळे पीडिताला कबुली देण्यासारखे काही उरतच नाही. हा युक्तिवाद पुरुषाला लावायला कोणतीच अडचण नाही. तो क्वचितच लावला जातो, एवढेच.

प्रौढ पुरुषाच्या बाबतीत कायदाही अडखळतो. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक छळ सांगणाऱ्या बालकांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या भारतीय दंड संहितेतील, पुरुषावरील अत्याचारालाही लागू होणाऱ्या कलम ३७७ ची जागा रिकामीच राहिली. बलात्काराच्या व्याख्येत पीडित स्त्रीच असल्याने अठरा वर्षांवरील पुरुषाच्या वाट्याला मारहाण, दुखापत अशी सर्वसाधारण कलमेच येतात.