ड्रॅगनच्या दरबारी अर्ज

"तुझा ड्रॅगन दुष्ट आहे का?" माझ्या कादंबरीची तीन प्रकरणं वाचून मामांनी पहिला प्रश्न हा विचारला.

"नाही. दुष्ट असता तर पेच कुठला? दुष्टाविरुद्ध उठायला नुसतं धाडस पुरतं."

मामा बेळगावजवळच्या हिंडलग्याचे. मराठी शाळेत इतिहास शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गोष्ट रंगली आहे की नाही यापेक्षा ती कशावर उभी आहे, हे ते आधी तपासतात. मिरगाचा पाऊस लागला होता, पडवीत कागद ओले होतील म्हणून आम्ही आत बसलो होतो.

कादंबरीतलं साम्राज्य जुन्या चीनच्या धर्तीवर रचलेलं आहे. सिंहासनावर नऊशे वर्षं एकच ड्रॅगन बसलेला. चिनी ड्रॅगन आग ओकत गावं जाळत फिरत नाही. तो पाण्याचा धनी, पाऊस पाडणारा. माझ्या ड्रॅगनच्या राज्यात पाऊस वेळेवर येतो, सारा दहाव्या हिश्शापलीकडे जात नाही, लाच खाणारा अंमलदार टिकत नाही. नियम एकच कडक: दरबारात येणारा प्रत्येक कागद ड्रॅगनच्या भाषेत आणि त्याच्याच लिपीत हवा. दुसरा कुठलाही अर्ज न वाचता जाळायचा. साम्राज्याच्या पश्चिम टोकाला एक गाव आहे. शंभर वर्षांपूर्वी ते दुसऱ्या राज्यात होतं, बोली अजून तीच आहे. ड्रॅगनच्या लिपीत एक अक्षर लिहायचं नाही, अशी शपथ गावानं देवळात घेतली आहे. आणि आता नदीचा बांध खचला आहे. दोन्ही लिप्या येणारा गावात एकटा कारकून. त्यानं अर्ज लिहायचा की नाही?

"कारकुनाकडे येऊ," मामा म्हणाले. "आधी हे सांग, तो ड्रॅगन आहे म्हणून राजा आहे, की राजा आहे म्हणून त्याला ड्रॅगन म्हणतात?"

"माझ्या गोष्टीत तो खराच ड्रॅगन आहे."

"गोष्टीत असेल. इतिहासात नेहमी दुसरंच झालंय. चीनच्या पहिल्या सम्राटाला, छिन शी ह्वांगला, लोक आदि-ड्रॅगन म्हणत. त्याच्यानंतर हान घराणं स्थापणारा ल्यू पांग शेतकऱ्याचा पोर. मग त्याच्या आईजवळ ड्रॅगन आला होता अशी कथा तयार झाली. आणि चीनपर्यंत कशाला जायचं? आपल्या पूर्वेला बागलकोटकडं सिंद घराणं होतं. स्वतःला नागवंशी म्हणवायचे. भैरनमट्टीच्या शिलालेखात त्यांच्या मूळपुरुषाची हकिगत आहे. नागराज धरणेंद्राचा मुलगा, लांब हातांचा सिंद, अहिच्छत्रात जन्मला आणि वाघिणीच्या दुधावर वाढला. त्यांच्या ध्वजावर नाग. आणि इकडं सौंदत्ती-बेळगावच्या रट्टांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड! नागवाले आणि गरुडवाले दोघंही कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक."

वाघिणीच्या दुधावर वाढलेला नागपुत्र माझ्या सगळ्या कल्पनेपेक्षा सरस होता, हे मी कबूल केलं. आपल्या पायाखालच्या मातीत इतकं पडलेलं असताना आपण दूरच्या देशातले ड्रॅगन शोधतो, याची मला नेहमीच हळहळ वाटते.

"सरस आहेच. पण तुझ्या कामाची गोष्ट पुढं आहे. ही थोरवी त्यांनी कोरली कुठल्या भाषेत? कानडीत. त्या मुलखाच्या भाषेत. वाचता येणारे थोडेच असतील, पण कुणी वाचून दाखवलं तर ऐकणाऱ्याला कळावं, एवढी काळजी घेतली होती. मी नागाचा मुलगा आहे हे सांगायलासुद्धा नागाच्या मुलाला माणसांच्या भाषेत यावं लागलं. तुझा ड्रॅगन नऊशे वर्षांत एकदाही आलेला नाही."

"मग मामा, तुम्ही गावाच्या बाजूचे झालात."

"थांब की. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, जैन देऊळ, १२०४ सालची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या मंत्र्यानं बांधलेली. तिथले शिलालेखही कानडीतच आहेत. पुढं रट्टांचं राज्य देवगिरीच्या यादवांनी घेतलं. त्या यादवांचे लेख मराठीत आहेत तसे कानडीतही ढीगभर आहेत. तेव्हा इथं आधी कोण होतं, या वादात तुझ्या गावाला उतरवू नकोस. तो वाद जिंकूनही बांध दुरुस्त होत नाही. गावाचा हक्क जुनेपणावर उभा नाही. आज तिथं जी माणसं राहतात, ती आज जे बोलतात, त्यावर उभा आहे."

हे मला पटलं, आणि आजही मला या सीमाभागातल्या सगळ्या मराठी-कानडी भांडणाचा कणा हाच वाटतो. शिलालेख दाखवून कुणी कुणाच्या पोराची शाळा ठरवू नये.

पण मामांना ड्रॅगनची बाजूही लढवायची होती. "छिन शी ह्वांगनं इसवी सनापूर्वी २२१ मध्ये सगळी राज्यं एक केली. वजनं एक, मापं एक, गाड्यांच्या चाकांमधलं अंतर एक. प्रत्येक राज्याची अक्षरं वेगळी होती, तीही एक केली. त्या लिपीच्या बळावर बोली न कळणारे लोक दोन हजार वर्षं एकमेकांची पत्रं वाचत आले. हे थोडं काम आहे? एका टोकाच्या गावाला त्रास झाला म्हणून ते करायचंच नव्हतं काय?"

"त्याच माणसानं २१३ मध्ये पुस्तकंही जाळली," मी म्हणाले. "आणि मरून वर्ष उलटतं तोच काय झालं? नऊशे माणसं सरहद्दीच्या पहाऱ्याला निघाली होती. वाटेत पावसानं रस्ते बुडाले. उशीर झाला तर शिक्षा मरणाची. तेव्हा त्यांच्यातले छन शंग आणि वू क्वांग म्हणाले, पोचून मरायचं तर उठून मरू. असं इतिहासकार सिमा च्याननं लिहिलंय. दोन-तीन वर्षांत साम्राज्य संपलं. वजनं-मापं सगळी नीट होती, मामा. ऐकणारं कुणी नव्हतं."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. मग तुझा कारकून काय करतो?"

"नकार देतो. शपथ मोडत नाही."

"आणि बांध?"

"गाव स्वतः बांधतं."

"बांधता आला असता तर अर्जाचा प्रश्नच नव्हता. कादंबरीत हात राखून लिहू नकोस. बांध गावाच्या आवाक्याबाहेरचा आहे असं धर. पूर आला तर पोरं जातील. आता सांग."

मला सांगता येईना. मामांनी जतचं उदाहरण काढलं. सांगली जिल्ह्याचा जत तालुका, महाराष्ट्रातला, पण पूर्वेकडच्या कितीतरी गावांत घरची भाषा कानडी. पाणी मिळत नाही म्हणून तिथल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, आणि २०२२ साली तो विषय पुन्हा पेटला होता. "त्यांना तू काय म्हणशील? भाषेपायी गेले की पाण्यापायी? घशाला कोरड पडली की माणूस कुठल्याही लिपीत अर्ज लिहितो. त्याला फितूर म्हणायचा अधिकार भरल्या घागरीवाल्याला नाही."

"पण म्हणूनच तर राग येतो," मी म्हणाले. "पाणी दाखवायचं आणि जीभ मागायची. कारकुनानं एकदा लिहिलं की पुढच्या वर्षी विहिरीसाठी, मग शाळेसाठी. शेवटी शाळेत मास्तरच विचारील, आपली लिपी शिकून उपयोग काय? एका एका अर्जात काहीच जात नाही, आणि तीस वर्षांनी सगळं गेलेलं असतं."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. हिंडलग्यातच हुतात्मा स्मारक आहे, १९८६ च्या कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गेलेल्यांचं. दर १ जूनला तिथं माणसं जमतात, मामाही जातात. तेव्हा हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही, आणि त्यांच्यासाठी तर नाहीच.

ते म्हणाले, "दोन गोष्टी वेगळ्या कर. राज्याची भाषा शिकणं यात कमीपणा नाही. मला कानडी येते, बाजारात, दवाखान्यात, शेजारी मी ती बोलतो, आणि ती गोड भाषा आहे. पण ती आल्याशिवाय माझं दुखणं ऐकूनच घेतलं जाणार नाही, ही दुसरी गोष्ट. पहिली शेजारधर्माची, दुसरी सक्तीची. आपल्या घटनेनं हा फरक केलाय. कलम ३५० बघ. गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. ३५० क तर राज्यांची पुनर्रचना झाली त्या १९५६ सालच्याच दुरुस्तीतलं. अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळेल अशी सोय करायची. रेषा मारणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं, कुठंही मारली तरी माणसं पलीकडं उरणार."

"कागदावर. माझा मराठी अर्ज एका कचेरीतल्या खिडकीवरून परत आलाय. कानडीत आणा म्हणाले."

"मग कलम खोटं ठरत नाही, खिडकी खोटी ठरते. तुझ्या ड्रॅगनकडं कलमच नाही, हा त्याचा दोष. पाऊस वेळेवर पाडतो, पण गाऱ्हाणं कसं ऐकायचं हे स्वतःच्या सोयीनं ठरवतो. इतका न्यायी असून त्याला नऊशे वर्षं कुणी चूक दाखवू शकलं नाही, कारण दाखवायचा रस्ताच त्यानं स्वतःच्या भाषेपुरता ठेवला. चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसनं लोक आधी, राजा सर्वांत शेवटी असं सांगितलं होतं. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाला ते इतकं झोंबलं की १३९४ मध्ये त्यानं मेन्शियसच्या ग्रंथातले ८५ उतारे गाळून टाकायला लावले. न्यायी असो की जुलमी, ड्रॅगनला गाळलेलंच पुस्तक आवडतं."

"म्हणजे कारकुनानं लिहायचं नाही?"

"लिहायचं. आज रात्री लिहायचं, ड्रॅगनच्या लिपीत, बांधापुरतं. शपथ गावानं घेतली होती, पाळण्यातल्या पोरांनी नव्हे. पण त्याच थैलीत दुसरा अर्ज घालायचा, आपल्या लिपीत. त्यात एकच मागणी: पहिला अर्ज या लिपीत चालला पाहिजे. तो जाळतील. पुढच्या वर्षी पुन्हा घालायचा."

"जाळण्यासाठी लिहायचं?"

"जाळणारा कुणीतरी माणूसच असेल ना? त्याला दर वर्षी तो हातात घ्यावा लागेल. आणि गावातली पोरं दर वर्षी तो लिहायला शिकतील. तुझी भीती हीच होती ना, की लिपी शिकून उपयोग काय? हा उपयोग."

इथे संपलं असतं तर मी खूश होऊन उठले असते. पण मामांनी विचारलं, "तुझ्या गावात ड्रॅगनची भाषा बोलणारं एक तरी घर आहे का?"

नव्हतं.

"घाल. चार पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेला कुंभार. त्याच्या भट्टीकडं जायची वाट कुणीतरी बळकावलीय. पंचांसमोर तो त्याच्या भाषेत गाऱ्हाणं मांडतो. पंच काय करतात?"

"पंच कळत असूनही न कळल्यासारखं करतात," मी म्हणाले. खरं तेच आहे, या हद्दीच्या दोन्ही बाजूंना.

"मग दुसरा अर्ज थैलीत घालण्याआधी कुंभाराचं ऐकायचं."

यावर आमचं जुळलं नाही, अजूनही जुळलेलं नाही. कुंभाराचं ऐकलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण 'आधी' हा शब्द मला मान्य नाही. पंचांकडे एक चावडी आहे, ड्रॅगनकडे फौज, खजिना आणि पाऊस. दुबळ्यानं आधी निर्दोष व्हावं आणि मगच न्याय मागावा, अशी अट घातली तर जगातला एकही अर्ज कधी निघणार नाही. मामांचं म्हणणं असं की, अट ड्रॅगनसाठी नाही, कुंभारासाठी आहे. तो वाट पाहतोय, आणि त्याचा न्याय करायला गावाला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

चौथ्या प्रकरणात मी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडवणार आहे. सकाळी चावडीत कुंभाराची सुनावणी, आणि कारकून पंचांसाठी त्याचं म्हणणं शब्दन्‌शब्द उलगडून सांगतो, कारण दोन्ही भाषा येतात हे कबूल करणारा तिथंही तोच एक. दिवे लागणीला थैली निघते. मामांनी आराखडा वाचून समासात लिहिलंय की सुनावणीला निदान दहा पानं हवीत, आणि वाट बळकावणारा माणूस शपथ घेणाऱ्यांतला पुढारी असावा. पहिली सूचना मी घेतली आहे. दुसरीवर अजून विचार करते आहे.